इंग्रजीच्या तासाला मागचे बाक बोलते कसे करायचे?

शाईपेन

नमस्कार. सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. गेल्या आठवड्यात एक धडा बाजूला ठेवून पूर्ण तास गटचर्चा घेतली. सहा-सात जणांचे आठ गट केले, 'माय फेव्हरिट सीझन' हा विषय दिला, फळ्यावर चार प्रश्न लिहिले आणि वर्गात फिरत राहिले. वर्ग नुसता गजबजला होता. दारातून कुणी डोकावलं असतं तर खूश होऊन गेलं असतं.

मी जवळ जाऊन ऐकलं. प्रत्येक गटात लिहिणारं मूल एकच. त्याला सांगणारी दोघं, तीही मराठीत. बाकीची वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढत होती, नाहीतर भलत्याच गप्पा मारत होती. शेवटी प्रत्येक गटातल्या हुशार मुलाने उठून वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, घंटा झाली. घरी येऊन आठवून आठवून मोजलं. इंग्रजीत स्वतःच्या मनाने एक तरी पूर्ण वाक्य बोललेली मुलं दहाच्या आत होती.

जुन्या पद्धतीकडे परत जावं म्हटलं तर तोही हिशोब करून पाहिला. १५ मिनिटं मी शिकवलं आणि उरलेल्या २० मिनिटांत एकेकाला उभं करून बोलायला लावलं, तर एका मुलाच्या वाट्याला २३ सेकंद येतात. उठण्या-बसण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. एवढ्यात भाषा कशी येणार?

सक्रिय अध्ययनाबद्दल वाचलंय, प्रशिक्षणंही झाली आहेत. मोठ्या वर्गात, साध्या बाकांवर, खडू-फळ्यावर तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत आणि त्यातलं काय टिकलं, ते ऐकायचं आहे. फसलेले प्रयोगही सांगा. ते जास्त उपयोगी पडतात.

काजवा

छान धागा. प्रयत्न सोडू नका. आमच्या प्रशिक्षणात एक पिरॅमिड दाखवला होता. ऐकलेलं ५ टक्के लक्षात राहतं, वाचलेलं १० टक्के आणि स्वतः केलेलं किंवा दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के. त्यामुळे मी जमेल तितके खेळ घेतो. शब्दांच्या भेंड्या, मूक अभिनय, बॉल फेकून प्रश्न विचारणं. मुलं तासाची वाट बघतात.

अल्पविराम

काजवा, मुलं तासाची वाट बघतात ही मोठी कमाई आहे, ती जपा. त्या पिरॅमिडवर मात्र विसंबू नका. त्याचं मूळ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवांच्या शंकूत आहे असं सांगतात, पण त्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि ते प्रशिक्षणांतून फिरत राहिले. असे नेमके पाच-दहाच्या पाढ्यात बसणारे आकडे खऱ्या मोजणीतून येत नाहीत. हे एवढ्यासाठी सांगतोय की त्या पिरॅमिडमुळे 'हात-पाय हलले म्हणजे शिकणं झालं' असा समज होतो आणि शाईपेन यांच्या वर्गात जे झालं त्याची सुरुवात तिथूनच होते.

बॉनवेल आणि आयसन यांनी १९९१ मध्ये केलेली व्याख्या मला अजूनही पुरते. मुलं काहीतरी करतात आणि आपण काय करतोय याचा विचारही करतात, ते सक्रिय अध्ययन. दुसरा भाग गळाला की उरतो तो गलबला.

आता तुमच्या तासाबद्दल. मला त्यात दोन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे गटाचा आकार. सहा जणांच्या गटात चौघांना लपायला भरपूर जागा असते, दोघांच्या जोडीत लपताच येत नाही. मोठ्या वर्गासाठी गटकार्यापेक्षा जोडीकाम शंभर पटीने सोयीचं. बाक हलवायचे नाहीत, शेजारी बसलेलाच जोडीदार. ५२ मुलांच्या २६ जोड्या झाल्या की एका वेळी २६ मुलं बोलत असतात. तुमचे ते २३ सेकंद तिथेच काही मिनिटांवर जातात.

'विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा' ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. आपण सगळेच ती वापरतो, पण त्यातली पहिली पायरी गिळून टाकतो. प्रश्न टाकला की लगेच 'चला, शेजाऱ्याशी बोला'. परक्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला आधी एक मिनिट शांतता लागते. विचार सुचायला हवा, शब्द शोधायला हवा, वाक्य जुळवायला हवं. ते मिनिट दिलं नाही तर जे पटकन सुचतं ते मराठीत सुचतं आणि मग चर्चाही मराठीतच होते. मी त्या मिनिटात वहीत दोन ओळी लिहायला लावायचो. लिहिलेलं असलं की घाबरट मूलही वाचता वाचता बोलून जातं.

मेरी बड रो यांचं काम इथे आठवतं. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांतलं संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. हे निरीक्षण विज्ञानाच्या तासांचं होतं. इंग्रजीच्या तासाला तर ३ सेकंदही थोडेच. मनात अंक मोजत थांबून पाहा, पहिल्या दिवशी फार जड जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या मुलांना बोलायची गरजच नव्हती. आवडता ऋतू कोणता हे शेजाऱ्याला कळलं काय, न कळलं काय, कुणाचं काहीच अडत नव्हतं. भाषा तोंडातून बाहेर पडते ती काहीतरी अडल्यावर. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसेल आणि ती मिळाल्याशिवाय काम पुरं होणार नसेल, तर बोलावंच लागतं. यालाच इन्फर्मेशन गॅप म्हणतात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये राबवलेल्या प्रकल्पात असेच तास घेतले होते. वेळापत्रकं, नकाशे, कोडी. व्याकरणाची यादी हातात न धरता मुलांसमोर एकेक काम ठेवायचं. त्यांनी तीन प्रकार सांगितले. माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी. त्यांच्या मते तर्काच्या दरीची कामं सर्वांत उपयोगी, कारण मताच्या कामात उत्तर चूक की बरोबर हे ठरत नाही आणि मूल गडबडून जातं. 'आवडता ऋतू' हे मताचं काम. आमच्याकडे सुरुवातच बहुतेक वेळा त्या अवघड टोकापासून होते.

करायला सोपं उदाहरण देतो. आठवड्याचं एक वेळापत्रक घ्या. 'अ' प्रतीत काही रकाने रिकामे, 'ब' प्रतीत दुसरेच रिकामे. जोडीदारांनी एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारून विचारून भरायचा. छपाई नको असेल तर फळ्यावर दोन तक्ते काढा आणि जोडीतल्या एकाला फळ्याकडे पाठ करून बसवा.

गणितवेडा

मी गणिताचा, पण एक युक्ती इंग्रजीच्या सहकाऱ्याला दिली आणि ती चालली. एरिक माझूर हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते 'पिअर इन्स्ट्रक्शन' वापरतात. नेमका संकल्पनेवर बोट ठेवणारा एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवून दाखवायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवून द्यायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी बरोबर असतील तर पुन्हा शिकवायचं, जास्त असतील तर पुढे जायचं.

यंत्रं वगैरे काही लागत नाहीत. पाटी किंवा वहीच्या पाठचं पान, 'एक-दोन-तीन' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. एकदम हे महत्त्वाचं, नाहीतर हुशार मुलाची पाटी बघून बाकीचे खोडतात.

सहकाऱ्याने फळ्यावर लिहिलं होतं, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'. बरोबर की चूक? वर्ग अर्धा-अर्धा फुटला. मग जोड्यांमध्ये वाद सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, 'मी त्याला काल पाहिलंय' असं आपण म्हणतोच की, मग चूक कसं? हा प्रश्न त्या मुलाने विचारला म्हणून मराठीतलं 'पाहिलंय' 'काल'बरोबर नांदतं आणि इंग्रजीतलं 'हॅव सीन' 'यस्टरडे'बरोबर नांदत नाही, हे वर्गाला कळलं. नियम सांगून पुढे गेले असते तर हा गोंधळ कधी वर आलाच नसता.

रानवाट

थोडा विरोधी सूर लावते. मीही पंधरा वर्षं शिकवतेय.

ज्या मुलाकडे शब्दच नाहीत ते जोडीत बसवलं तरी काय बोलणार? कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये हेच मांडलं की नवख्या विद्यार्थ्याला 'तूच शोध' म्हणून सोडलं तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतं त्या मोजक्या जागेवर, भार पडतो आणि हाती फार थोडं लागतं. त्याला आधी नीट समजावून सांगावं लागतं, सोडवलेली उदाहरणं दाखवावी लागतात. सक्रिय अध्ययनाच्या बाजूने २०१४ च्या ज्या मोठ्या अभ्यासाचा नेहमी दाखला देतात, त्यात २२५ संशोधनं एकत्र केली होती आणि नापास होण्याचं प्रमाण साधारण ३४ टक्क्यांवरून २२ वर आलं होतं. निष्कर्ष भक्कम आहे, पण ती सगळी विद्यापीठातली विज्ञान, गणित, अभियांत्रिकीची मुलं. सातवीतल्या इंग्रजीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त नुकसान कच्च्या मुलांचं झालं, ते मी उत्साहाच्या भरात सगळं त्यांच्यावर सोपवलं त्या वर्षी. पक्की मुलं कशातूनही शिकतात. त्यामुळे शिक्षकाने समोर उभं राहून स्वच्छ समजावून सांगणं याला कमी लेखू नका, एवढंच म्हणणं आहे.

अल्पविराम

रानवाट, पूर्ण सहमत. वेळापत्रकाच्या खेळाआधी 'व्हॉट डू यू हॅव ऑन मंडे?', 'आय हॅव सायन्स' ही वाक्यं शिकवावी लागतात, घोटून घ्यावी लागतात, फळ्यावर ठेवावी लागतात. मी तर एका हुशार मुलाला समोर बोलावून संपूर्ण काम आधी वर्गाला करून दाखवायचो. नुसत्या सूचना दिल्या की अर्धा वर्ग 'काय करायचंय रे?' विचारत राहतो.

पण समजावून झाल्यावर तोंडाने बोलायला लावणंही तितकंच गरजेचं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांकडे बघून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं. ती मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, त्यांना उत्तम समजत होतं, तरी बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं होतं. ऐकताना प्रत्ययाकडे, काळाकडे दुर्लक्ष करूनही अर्थ लागतो. बोलताना मात्र निवड करावी लागते.

शाईपेन

तुम्ही सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. रानवाट, तुमचा मुद्दा लागला, कारण माझ्या त्या तासात मी मुलांना एकही वाक्य हाताशी दिलं नव्हतं.

दोन शंका आहेत. २६ जोड्या एकदम बोलत असतील तर चुका कोण सुधारणार? चुकीचं इंग्रजी एकमेकांकडून पक्कं नाही का होणार? आणि मराठीत बोलू लागले तर दंड, शिक्षा असलं काही मला करायचं नाही. मग काय करू?

अल्पविराम

सगळ्या चुका सुधारायच्या नाहीत. जोडीकाम चालू असताना कागद घेऊन फिरा, ऐकू येतील त्या चुका कुणाचं नाव न लिहिता टिपा. शेवटच्या पाच मिनिटांत त्यातल्या चार फळ्यावर लिहा आणि वर्गालाच दुरुस्त करायला सांगा. आपल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. 'ही टोल्ड टू मी', कारण मराठीत 'मला' सांगतात. 'यू आर कमिंग?', कारण मराठीत वाक्य तेच ठेवून शेवटी 'का' लावलं की प्रश्न होतो. 'अ', 'अॅन', 'द' गळतात, कारण मराठीत तसं काही नाहीच. यांपैकी एकेक उचलून मराठीशेजारी ठेवून दाखवलं की मुलांना फार मजा वाटते आणि ते लक्षातही राहतं.

समोरासमोर बोलताना आपण सहसा मुलाचं वाक्य दुरुस्त करून परत म्हणतो आणि पुढे जातो. लिस्टर आणि रँता यांनी १९९७ मध्ये वर्गांतल्या अशा दुरुस्त्या मोजल्या. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा हेच करत होते आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद यालाच येत होता. मुलाला वाटतं, बाई 'हो' म्हणाल्या. त्याऐवजी 'यस्टरडे आय...?' असं अर्धवट सोडून थांबा. मग 'वेन्ट' त्याच्याच तोंडून येतं.

मराठीचं म्हणाल तर मी तिला हाकललं नाही. विचाराच्या मिनिटात आणि 'काय करायचंय' हे समजून घेताना मराठी चालेल, जोडीदाराला माहिती विचारताना इंग्रजी, असा उघड करार करायचो. फळ्याच्या एका बाजूला 'से दॅट अगेन', 'आय डोन्ट नो द वर्ड', 'हाऊ डू यू स्पेल इट' अशी वाक्यं वर्षभर कायम ठेवायचो. मुलं मराठीकडे वळतात ती बहुतेक वेळा ही अडचणीच्या वेळची वाक्यं नसतात म्हणून.

मधली सुट्टी

शिक्षक नाही, पण तुमच्या त्या चित्रं काढणाऱ्या मुलांपैकी एक होतो, म्हणून लिहितो.

मला उत्तर येत असायचं. इंग्रजीच्या तासाला अचानक नाव पुकारलं की घसा कोरडा पडायचा, वाक्य अर्ध्यावर तुटायचं, मागून हसू यायचं. पुढे पुढे मी खाली बघायला शिकलो. कुणी विचारलंच तर 'माहीत नाही' म्हणून बसायचो, कारण 'माहीत नाही'ला कुणी हसत नाही.

सगळ्यांना बोलतं करायचं म्हणजे चिठ्ठी काढून कुणालाही उभं करायचं, असं काही ठिकाणी करतात. चिठ्ठी वाईट नाही, पण त्याआधी त्या मुलाला एकदा तरी कुणा एकाजवळ ते वाक्य बोलून बघू द्या. नोकरी लागल्यावर मी एका वर्गाला जायचो, तिथे ४-३-२ नावाचा सराव घ्यायचे. एकाच विषयावर एका जोडीदाराशी ४ मिनिटं बोलायचं, मग जोडीदार बदलून तेच ३ मिनिटांत, मग तिसऱ्याशी २ मिनिटांत. पहिल्या वेळी मी अडखळत, शब्द शोधत बोललो. तिसऱ्या वेळी तेच सगळं सलग आलं. तिशीत आलेल्या मला पहिल्यांदा कळलं की मलाही इंग्रजी बोलता येतं. सातवीच्या मुलांना ४ मिनिटं फार होतील, दीड, एक, अर्धं करा. पण एवढं करा.

शाईपेन

मधली सुट्टी, हे वाचून खूप वेळ तशीच बसून होते. मुलांच्या हसण्याबद्दल काहीतरी करायला हवं, हे मी गृहीतच धरलं नव्हतं.

पालवी

पालक म्हणून विचारते. माझ्या मुलीच्या वर्गात हे सगळं सुरू झालं, तिला आवडतंही. पण वही रिकामी असते. परीक्षेला प्रश्न लेखीच येतात. आधी वहीत उत्तरं असायची, पाठ करून घेता यायची. आता घरी काय घेऊ? ती म्हणते, 'बाईंनी आज काही शिकवलंच नाही, आम्हीच बोललो.'

गणितवेडा

पालवी, तुमच्या मुलीचं ते वाक्य फार बोलकं आहे. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये याचा अभ्यास झाला. भौतिकशास्त्राच्या एकाच आशयासाठी काही विद्यार्थ्यांना ओघवतं व्याख्यान, काहींना सक्रिय तास. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत जास्त गुण सक्रिय तासवाल्यांना. डोक्याला श्रम पडले की 'काही येत नाही' असं वाटतं, ऐकताना सगळं सोपं वाटतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवावं.

घरी करण्यासारखं एक आहे. वही मिटून आठवायला लावा. 'आज जोडीदाराला काय विचारलंस? कसं विचारलंस?' तिने लिहावं, मग पुस्तक उघडून ताडून बघावं. रोडिगर आणि कारपिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

रानवाट

पालवी यांच्या काळजीत तथ्य आहे. तासाच्या शेवटी वहीत काहीतरी उरायलाच हवं. मी शेवटची चार मिनिटं राखून ठेवते. जे बोललात त्यातली तीन वाक्यं लिहा, एकाखाली रेघ मारा जिच्याबद्दल खात्री नाही. त्या रेघांवरून माझा दुसऱ्या दिवशीचा तास ठरतो.

शाईपेन

तीन आठवड्यांनी परत आले आहे. प्रगती सांगते.

सलग नऊ तास शेवटची पंधरा मिनिटं जोडीकाम घेतलं. पहिले दोन दिवस गोंधळ. वर्ग शांत करताना माझा घसा बसला. मग हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून थांबायचं, हा संकेत ठरवून त्याचाच सराव घेतला. तेव्हापासून आवाजाचा प्रश्न जवळपास सुटला. शेजारच्या वर्गाला त्रास होऊ नये म्हणून 'फक्त जोडीदाराला ऐकू जाईल इतकाच आवाज' हेही आधी करून दाखवलं.

वेळापत्रक उत्तम चाललं. त्यानंतर नकाशावरून रस्ता सांगणं, मग दोन चित्रांतले सहा फरक न बघता शोधणं. चित्रांच्या वेळी 'इन', 'ऑन', 'अंडर' मुलांनी इतक्या वेळा वापरलं की त्याचा वेगळा धडा घ्यावाच लागला नाही. मराठीत 'पेटीत', 'पेटीवर' असा शेपटीला लागणारा तुकडा इंग्रजीत आधी येतो, हे एका मुलीने स्वतःहून सांगितलं.

फसलं ते जिगसॉ. एलियट अॅरन्सन यांची १९७१ ची पद्धत, प्रत्येकाने उताऱ्याचा एक तुकडा शिकून गटाला शिकवायचा. त्या दिवशी सात मुलं गैरहजर. अर्ध्या गटांकडे एकेक तुकडा कमी. शिवाय कच्च्या मुलाच्या वाट्याला अवघड तुकडा गेला तर संपूर्ण गटाचं अडतं आणि सगळे त्याच्याकडे बघतात. मधली सुट्टी यांचं लिहिलेलं आठवून मी ते मध्येच थांबवलं. पुढच्या वेळी एकेका तुकड्याला दोघं ठेवणार आहे आणि तुकडे त्यांच्या ताकदीप्रमाणे मीच वाटणार आहे.

डिक्टोग्लॉस मात्र सर्वांना सांगावंसं वाटतं. छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा, मुलांनी कळीचे शब्द टिपायचे आणि जोडीने तो पुन्हा उभा करायचा. मूळ उताऱ्याशी ताडताना त्यांचं लक्ष 'एस' आणि 'ईडी'वर गेलं. मी एरवी लाल शाईने गोल करत बसते, त्याच जागा.

चौथ्या बाकावरचा एक मुलगा आहे, वर्षभर माझ्याशी इंग्रजीत 'येस मॅडम'च्या पुढे गेला नव्हता. परवा फरक शोधताना त्याने जोडीदाराला विचारलं, 'इज देअर अ कॅट अंडर द टेबल?' जोडीदार म्हणाला, 'नो.' हा ताडकन म्हणाला, 'देन इट इज अ डिफरन्स!' आणि वहीत लिहून मोकळा झाला. मी शेजारी उभी होते, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मधली सुट्टी

हे चौथ्या बाकाचं पुन्हा पुन्हा वाचलं. जोडीदार अधूनमधून बदलता का?

शाईपेन

दर सोमवारी. एका बाजूची रांग एक बाक पुढे सरकते. त्याला मात्र अजून दोन आठवडे त्याच जोडीदाराबरोबर ठेवणार आहे.